एक्स-रेत बाळू दिसत नाही

फौंड्रीच्या फर्स्ट एड रूममध्ये कापूस संपतो, पट्ट्या संपतात, मलमाची मागणी वर ऑफिसात जाऊन पडून राहते. किस्से मात्र कधी संपत नाहीत. माणूस कापलेलं बोट घेऊन येतो, पट्टी बांधून घेतो आणि जाताना एक किस्सा टेबलावर ठेवून जातो. नोकरीत इतकी वर्षं झाली, आता ठेवायला जागा नाही! मैत्रिणी म्हणतात, "सांग की तुझ्या कारखान्यातलं काहीतरी, तेवढंच हसू." सांगते. पण आधीच बजावते, ह्यात हसण्यासारखं थोडं आहे आणि डोकं फिरण्यासारखं जास्त. माझं तर फिरलेलंच आहे.

मी उचगावची. कोल्हापूरच्या एका फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, सिस्टर. कारखान्याचं नाव विचारू नका, नोकरी आहे अजून. माझंही नाव सांगत नाही, तसंही ते कुणी घेत नाही. सगळे सिस्टर म्हणतात. परवा नवऱ्यानंसुद्धा आतून हाक मारली, "सिस्टर, मीठ कुठाय?"

तर झालं असं की पावसाळ्यात भट्टीत ओलं भंगार पडलं. वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं की काय होतं हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. भंगाराच्या शेडचा पत्रा गळतोय हे वर ऑफिसात सांगून झालं होतं, भंगार वाळू दे म्हणून सांगून झालं होतं. पण ऑर्डर अर्जंट! स्फोट झाला. भट्टीवरचा बाळू गेला. त्याचा जोडीदार तानाजी, दोघं मिळून एकच लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं दांड्याचं भांडं, उचलायचे, त्यानं बाळूला उजव्या हातानं ओढून बाहेर काढलं. बाळू त्याच्या हातातच गेला.

बाकीच्यांना किरकोळ भाजलं होतं. पट्ट्या सुटल्यावर कंपनीनं सगळ्यांची तपासणी केली. कान, डोळे, छाती, रक्त, सगळं. आमचे पर्सोनेल ऑफिसर देसाईसाहेब रिपोर्टांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "सगळे नॉर्मल! चला, विषय संपला!"

त्यांचा संपला असेल. माझ्या खोलीत तेव्हापासून रांग लागलीय.

* * *

पहिला किस्सा मटणाचा.

आमच्याकडं कुठं काही वाईट झालं की त्या जागेला बकरं द्यायची पद्धत आहे. देसाईसाहेबांनी हे काम मात्र झटपट केलं. शेडचा पत्रा दुरुस्त व्हायला वेळ लागला, बकरं चार दिवसांत आलं! शेडच्या मागं चुली पेटल्या. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, सगळा थाट. पंगत बसली.

तेवढ्यात मागच्या बाजूला आचाऱ्याच्या माणसांनी मुंडी आणि पाय जाळावर भाजायला घेतले. केस जळल्याचा वास शेडमध्ये आला.

पहिल्यांदा मोल्डिंगचा एक पोरगा उठला. मग त्याच्या शेजारचा. मग पंगतच उठली. कुणी नळावर, कुणी भिंतीपाशी, कुणी गेटबाहेर. सगळे ओकत होते. अहो, कोल्हापूरची माणसं मटणाच्या ताटावरून उठून पळाली! असं मी तरी जन्मात बघितलं नव्हतं.

तो वास कसला होता हे तिथं प्रत्येकाला कळलं होतं.

देसाईसाहेबांना मात्र एकच सुचलं. आचाऱ्याला बोलावून झापायला सुरुवात केली. "शिळं मटण आणलंस! माझी माणसं आजारी पाडलीस! तुझ्यावर केस करतो!"

आचारी म्हणजे आप्पा, उभ्या जिल्ह्याच्या लग्नांत रस्सा केलेला माणूस. त्यानं शांतपणे हात पुसले.

"शिळं कसं असंल सायेब? बकरं सकाळी हितंच उभं हुतं. तुमीच त्येच्यासंगं फोटो काढलाय की!"

* * *

क्रेनवरच्या मारुतीमामांचा डावा कान त्या दिवसापासून बंद झाला. म्हणजे मामांचं म्हणणं तसं. मशीनवर तपासलं तर कान एकदम ठणठणीत.

"बघा," देसाईसाहेब मला म्हणाले, "रिटायरमेंट जवळ आली की ह्यांना सुचतं हे."

मी मामांच्या बायकोला बोलावून घेतलं. मामी म्हणाल्या, "घरात समदं ऐकू येतंय त्यास्नी. टीव्ही ऐकत्यात, शेजारच्या घरातली भांडणं ऐकत्यात. कुकरची शिट्टी तेवढी ऐकू येत न्हाय. काल डाळ करपून कोळसा झाली, हे शेजारी बसून पेपर वाचालते!"

स्फोटाच्या आधी भट्टीवर धोक्याची शिट्टी झाली होती. मामा तेव्हा क्रेनवर होते. ती शिट्टी त्यांनी ऐकली होती आणि वरून खाली सगळं बघितलं होतं. हे मी देसाईसाहेबांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मामांसाठी जास्त मोठ्या आवाजाची शिट्टी मागवली!

* * *

आता माझंच सांगते. माझा जबडा दुखायला लागला. सकाळी तोंड उघडायचं म्हणजे शटर उघडल्यासारखं व्हायचं. राजारामपुरीत एका डेंटिस्टकडं गेले. पोरगेला डॉक्टर, नवीन दवाखाना. त्यानं आत टॉर्च मारला आणि घाबरून बाहेर आला.

"मॅडम, वय काय तुमचं?"

सांगितलं.

"दात सत्तरीचे झालेत. झोपेत एकमेकांवर घासताय तुम्ही. कसलं टेन्शन आहे का? कुणावर राग वगैरे?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्याकडं वेळ आहे का?"

बिचाऱ्यानं पुढचे दोन पेशंट बाहेर बसवले. त्यानं रात्री दातांत धरायला प्लास्टिकचा साचा करून दिला. तो मी पहिल्याच आठवड्यात चावून फोडला.

* * *

तानाजीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

ह्याचा उजवा हात. भाजलेलं भरून आलं, कातडी आली, जखम राहिली नाही. पण लॅडलच्या दांड्याला हात लावला की बोटं मिटेनात. ताठच्या ताठ. जबरदस्तीनं मिटवली तर गार पडायची, निळसर व्हायची. मी स्वतः बघितलंय. मोठ्या हॉस्पिटलात नसांची तपासणी केली, एक्स-रे काढला. सगळं नॉर्मल!

म्हणजे मग पुढचं ठरलेलंच. "नाटक करतोय."

गोष्ट साधी होती. तानाजीला दुसरं कुठलंही काम द्या, स्टोअरला टाका, पॅटर्नला टाका, तो करायला तयार होता. देसाईसाहेबांचं म्हणणं, एकाला दिलं की उद्या सगळेच मागतील. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे फिट आहे. फिट आहे म्हणजे भट्टीवर. भट्टीवर नसेल जायचं तर घरी. आणि ज्याची बोटं मिटत नाहीत त्याच्या हातात वितळलेलं लोखंड दिलं तर काय होईल, हा प्रश्न विचारला की साहेबांचा फोन वाजायचा.

घरात म्हातारे आईवडील, बायको, शाळेतली पोरगी. मिळवणारा एकटा.

एके दिवशी देसाईसाहेब माझ्या खोलीत आले ते नाचतच. मोबाईल पुढं धरला. "बघा सिस्टर, बघा! पकडलं!"

सकाळी सकाळी माणूस पाठवून तानाजीच्या गोठ्याचा चोरून व्हिडिओ काढला होता. तानाजी म्हशीची धार काढत होता. दोन्ही हातांनी. चर्रर्र चर्रर्र, बादलीत फेस.

त्या दिवशी आमचे डॉक्टर आले होते. डॉक्टर पाटील कुरुंदवाडचे, जैन, मोजकं बोलणारे, दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवणारे. आठवड्यातून एकदा कारखान्यात येतात. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

"धार चांगली काढतो," ते म्हणाले.

"अहो तेच की डॉक्टर! म्हशीला चालतो तो हात लॅडलला का चालत नाही?"

"म्हैस पेटली नव्हती, देसाई."

साहेबांनी मग पाकिटातून एक्स-रे बाहेर काढला, खिडकीला लावला. "हे बघा. हाड बरोबर. सांधा बरोबर. ह्यात काय चुकीचं दिसतंय तेवढं दाखवा मला."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. बराच वेळ बघत राहिले.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त ह्यात बाळू दिसत नाही."

तानाजीला आत बोलावून व्हिडिओ दाखवला तेव्हा मला वाटलं आता हा ओरडणार. मीच ओरडायच्या बेतात होते. तो शांतपणे म्हणाला, "हात मोडलाय म्हणून मी कवा म्हटलं सायेब? हात चांगलाच हाय. दांडा दिसला की त्यो माझा ऱ्हात न्हाय."

डॉक्टरांनी लिहून दिलं की ह्याला भट्टीचं काम नको आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं उपचार हवेत. तो कागद वर गेला. काही दिवसांनी बाहेरच्या दुसऱ्या एका डॉक्टरांचा कागद खाली आला. त्यांनी तानाजीला बघितलंही नव्हतं. त्यात एकच शब्द होता, फिट.

माझा दुसरा साचा त्या रात्री फुटला.

* * *

बाळूची बायको सुनीता. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी. बाळू गेल्यावर तिची पाळी थांबली.

बाईच्या जातीला हे किती वेळा होतं! धक्का बसला, उपास पडले, झोप उडाली की अंग आपलं आपण दार लावून घेतं. पण गल्लीला कुठलं एवढं कळतंय? नळावर कुजबुज सुरू झाली. बाळू जाऊन किती दिवस झाले, आणि हिचं थांबून किती दिवस झाले. बायका बोटांवर हिशेब करायला लागल्या. ज्यांनी तेराव्याला गळ्यात पडून रडून दाखवलं होतं त्याच!

एक दिवस सुनीताची सासू तिला हाताला धरून माझ्याकडं घेऊन आली. सुनीता भिंतीकडं तोंड करून उभी. मला वाटलं, झालं, आता म्हातारी हिला घराबाहेर काढणार.

"सिस्टर, हिची लघवी तपासा," म्हातारी म्हणाली.

मी गरोदरपणाच्या पट्टीवर तपासली. काही नव्हतं. मी म्हातारीला समजावून सांगायला लागले, तर तिनं मला मध्येच थांबवलं.

"मला कशाला सांगताय? मला म्हाईत न्हाय व्हय? माझा थोरला दीड वर्साचा हुता तवा आमचं मालक विहिरीत पडून गेलं. माझं वरीसभर बंद हुतं. ती पट्टी द्या हिकडं."

"कशाला हो मावशी?"

"द्या म्हणतोय न्हवं!"

ती पट्टी घेऊन म्हातारी गेली. तिनं काय केलं ते मला नंतर गल्लीतल्याच एकीनं सांगितलं. भर नळावर, घागरी भरायच्या वेळी, पट्टी हातात उंच धरून म्हातारी उभी राहिली आणि बोंबलली, "या! बघून घ्या! माझ्या पोराचं दुख तिच्या अंगात बसलंय, आनी तुमी भवान्यांनो बोटं मोजताय! आता मोजा की!"

सगळ्या घागरी तिथंच टाकून बायका घरात. पाणी वाहून चाललं होतं म्हणे.

* * *

मधल्या काळात कंपनीनं आमच्यासाठी काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये. ट्रेनर आणला! पुण्याहून. पांढरा कोट, कानाला माइक, दर दोन वाक्यांनी "टाळ्या!"

विषय होता, भीतीवर विजय. दोन तास त्यानं भीती ही फक्त मनाचा खेळ आहे हे सांगितलं. मग सगळ्यांना मागच्या पटांगणात नेलं. तिथं लांबलचक पट्टा करून निखारे पसरले होते.

"बूट काढा!" तो म्हणाला. "आज आपण ह्यावरून चालायचं! आगीवरून चाललं की जगात कशाचीच भीती राहत नाही!"

मी हातातलं पाण्याचं भांडं तिथंच ठेवलं. मला खरंच वाटलं, ह्या माणसाच्या कानाखाली वाजवावी. स्फोट झालेल्या फौंड्रीत, बाळू जिथं पडला त्याच्या भिंतीपलीकडं, ह्यांनी विस्तव पसरला होता! आणि कुणी परवानगी दिली तर आमच्याच साहेबांनी. रीतसर!

कुणी बूट काढले नाहीत. ट्रेनर एकेकाकडं बघत "कोण पहिला? कोण पहिला?" करत होता.

शेवटी मारुतीमामा पुढं झाले. ट्रेनरच्या खांद्यावर हात ठेवला.

"पावणं," ते म्हणाले, "आमी त्येच्यातनंच आलोय. तुमी जावा की पलीकडं, आमी टाळ्या वाजवतो."

पावणं काही गेले नाहीत. निखाऱ्यावर पाणी ओतलं, आणि जेवायला सुट्टी झाली. प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना मिळाली.

* * *

आणि मग ती चौकशी.

तानाजीला नोटीस आली. सगळ्यांसमोर रिकामं लॅडल आपल्या बाजूनं उचलून दाखवायचं. नाही उचललं तर खोटं आजारपण दाखवून काम टाळलं म्हणून नोकरीवरून कमी.

त्या सकाळी तानाजी आधी माझ्याकडं आला. हातावर हात चोळत बसला. चहा दिला तो तसाच राहिला. "सिस्टर, ह्येला काय तरी औषीद द्या की," उजव्या हाताकडं बघत म्हणाला. "पाच मिन्टं तरी ऐकू दे माझं. पोरीची शाळा हाय ओ." मी त्याच्या हाताला गरम पाण्याचा शेक दिला. दुसरं काय देणार होते?

भट्टी बंद ठेवली होती. रिकामं लॅडल खाली ठेवलेलं, थंडगार. एका बाजूला कामगार, दुसऱ्या बाजूला मालक, डॉक्टर पाटील आणि मी. मालक स्फोटाच्या दिवशी परगावी होते; डॉक्टर त्यांच्या वारी आलेले, माझ्या खोलीत होते. देसाईसाहेब तर भट्टीच्या अगदी जवळ होते. तेव्हापासून ते माझ्या खोलीपर्यंत यायचे, पण खाली शॉपमध्ये, म्हणजे भट्टीच्या बाजूला, आलेच नव्हते. काही काम असलं की माणूस वर बोलावून घ्यायचे. हे इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला तेव्हा आलं.

"हं, तानाजी," मालक म्हणाले. "उचल बाबा, म्हणजे आम्ही मोकळे."

तानाजी वाकला. डाव्या हातानं एक दांडा पकडला. उजवा हात दुसऱ्या दांड्यावर ठेवला. आम्ही सगळे त्या बोटांकडं बघत होतो. कपाळाची शीर फुगली, खांदा थरथरायला लागला, पण बोटं काही मिटली नाहीत.

"बघा मालक, बघा!" देसाईसाहेब ओरडले. "मुद्दाम ताठ धरलीत बोटं! मी दाखवतो!" ते पुढं धावले, त्यांनी तानाजीची बोटं दोन्ही हातांनी पकडली आणि दांड्यावर दाबायला लागले. मी "सोडा त्याला!" म्हणून ओरडले. डॉक्टर पुढं झाले.

तेवढ्यात गेटपाशी भंगाराच्या ट्रकचा टायर फुटला. धडाम!

मला पुढचं नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी साच्यांसाठीच्या वाळूत पालथी होते, डॉक्टर माझ्या शेजारी, चष्मा कुठंतरी गेलेला. शॉपमधला एकेक माणूस जमिनीवर होता. कुणी खांबामागं, कुणी साच्यांच्या आड, कुणी डोकं दोन्ही हातांत घेऊन.

उभे एकटे मालक. हातात मोबाईल, तोंड उघडं.

"अरे काय झालं? टायर फुटला! ट्रकचा टायर! उठा की!"

कुणी उठलं नाही.

मग मला तानाजी दिसला. तो लॅडलपासून पार लांब, दरवाजाच्या तोंडाशी होता. त्यानं देसाईसाहेबांना तिथवर ओढत नेलं होतं आणि स्वतः त्यांच्यावर आडवा पडला होता. साहेबांच्या शर्टाची बटणं तुटून वाटेत पडलेली. तानाजीच्या उजव्या हातात साहेबांची कॉलर होती. मूठ आवळलेली. इतकी, की बोटांची पेरं पांढरी पडलेली.

मी रांगतच गेले. "तानाजी, सोड. टायर होता रे. सोड आता."

"सुटंना झालाय ओ, सिस्टर," तो म्हणाला.

मी एकेक बोट उघडायला बघितलं. हललं नाही. खाली देसाईसाहेबांचे दात वाजत होते. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हते. त्यांनी तानाजीचं मनगट आपल्या दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलं होतं.

मालक वैतागले. "डॉक्टर, हा तमाशा पुरे झाला. ह्या तानाजीचं काय ते एकदाचं लिहून टाका. फिट की अनफिट?"

डॉक्टरांनी वाळूतून चष्मा उचलला, पुसला, खिशातून पेन काढलं.

तेव्हा खालून देसाईसाहेब बोलले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"डॉक्टर, आधी माझं लिहा."